केळ्यावरच्या चिलटाचं आडनाव

भाऊबीज झाली, पाहुणे गेले आणि स्वयंपाकघरातल्या टोपलीत चार केळी उरली. साली काळवंडलेल्या, देठाशी पाणी सुटलेलं आणि वर चिलटांचा थवा. आजी टोपली उचलून मागच्या दारी निघाली, तेवढ्यात मी म्हटलं, "अगं थांब, दोन मला ठेव."

"आबा, ती तुम्ही खाणार?" माझ्या नातीनं, मैथिलीनं नाक मुरडलं.

"मी कशाला? ज्यांची आहेत ते खातील."

लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या काढल्या. प्रत्येकीत एकेक केळं कुस्करून टाकलं आणि बरण्या उघड्याच टोपलीच्या जागी ठेवल्या. तासाभरात दोन्हींत वीस-पंचवीस चिलटं उतरली. मग तोंडाला जुन्या धोतराचं तलम फडकं बांधलं. एक बरणी गॅसच्या ओट्यावरच्या फळीवर ठेवली, तिथं दिवसभर चांगली ऊब असते. दुसरी माजघरात माठाशेजारी, ओल्या गोणपाटात गुंडाळून. नातू ओंकार सातवीत आहे, त्यामुळे त्याला प्रत्येक गोष्टीचं कारण लगेच हवं असतं. मी म्हटलं, कारण नंतर. आधी पाहुण्यांची नावं तर विचारू.

आपण याला चिलट म्हणतो, कोणी केमरं म्हणतात. पुस्तकांत 'फळमाशी' असाही शब्द सापडतो आणि तिथं आंब्याचा बागायतदार फसतो. त्याची फळमाशी निराळी. ती जवळजवळ घरमाशीएवढी असते, चांगल्या फळाला भोक पाडून आत अंडी घालते आणि तिच्यासाठी बागेत सापळे टांगावे लागतात. आपलं चिलट अडीच मिलिमीटरचं. फळ पिकून आंबायला लागलं की त्यावर यीस्ट वाढतं, आणि ते यीस्ट हे याचं खरं जेवण. केळं केवळ ताट.

शास्त्रज्ञांच्या दप्तरात याची नोंद ड्रॉसोफिला अशी आहे. ग्रीक शब्द. अर्थ, दवाची आवड असणारी. फालेन नावाच्या स्वीडिश अभ्यासकानं १८२३ मध्ये हे नाव ठेवलं. पण हे झालं घराण्याचं नाव, म्हणजे आडनाव. शास्त्रात आडनाव आधी लावतात आणि पाळण्यातलं नाव मागून, शाळेच्या हजेरीपटासारखं. आज या आडनावाच्या दीड हजारांहून अधिक प्रजाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांतली सगळ्यांत नावाजलेली ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर. मेलॅनोगॅस्टर म्हणजे काळ्या पोटाची. हे नाव १८३० मध्ये योहान विल्हेल्म मायगेननं दिलं. जर्मनीतला हा माणूस फ्रेंच आणि चित्रकला शिकवून पोट भरायचा, आणि उरलेला सगळा वेळ माश्या बघायचा. युरोपातल्या दोन पंखांच्या कीटकांवर त्यानं सात खंड लिहिले. त्याच्या सहाव्या खंडात ही काळ्या पोटाची बाई आहे.

"बाई?" मैथिली भिंग बरणीला लावून बसली होती. "आबा, मोठ्या आहेत त्या माद्या ना? त्यांचं पोट काळं नाहीये. नुसते पट्टे आहेत. काळं बूड बारक्यांचं आहे."

पोरगी बरोबर होती. मादीच्या पोटावर आडव्या गडद पट्ट्या असतात, मधे फिकट. शेवटचे दोन वेढे पार काळे असतात ते नराचे. म्हणजे नाव निम्म्याच घराला लागू. बाईचं नाव शोभा आणि शोभा सगळी नवऱ्याच्या अंगावर, असला प्रकार. पण एकदा छापलं ते छापलं. नावं ठेवण्याच्या कामात पहिला छापणारा जिंकतो, बरोबर असो की अर्धवट.

दुसऱ्या रात्री ओंकारनं वही आणली. पान आखून त्यात दोन रकाने केले होते, 'काळी' आणि 'फिकट'. रंगावरून प्रजाती वेगळ्या करायचा त्याचा बेत होता. मी त्याला मोडता घातला नाही. फक्त एका माणसाची गोष्ट सांगितली.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांची एक खोली होती. माश्यांची खोलीच म्हणायचे तिला. दुधाच्या बाटल्यांत केळी घालून तिथं ड्रॉसोफिला पाळत. आनुवंशिकतेचं अर्धं शास्त्र त्या आंबूस वासाच्या खोलीत जन्मलं. (आपल्याकडे मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दीकी यांनी पुढं याच माशीला वास कसा कळतो, चव कशी कळते, ते शोधत बरीच वर्षं घालवली.) त्या खोलीत आल्फ्रेड स्टर्टेव्हंट नावाचा पोरगा होता. अलाबामातल्या शेतावर वाढलेला. घोड्यांच्या रंगांची वंशावळ लिहून मॉर्गन यांच्याकडे आला आणि माश्यांत रमला. आता गंमत ऐका. या पोराला रंगांधळेपणा होता. तांबडा-हिरवा त्याला नीट उमगायचा नाही. माश्यांच्या डोळ्यांच्या रंगछटा ओळखायच्या तर ते काम दुसऱ्यांचं.

आणि जी दोन भावंडं रंगानं, आकारानं, पट्ट्यांनी हुबेहूब सारखी होती, ती याच माणसानं वेगळी काढली.

झालं असं, की मेलॅनोगॅस्टर समजून पाळलेल्या काही माश्यांचा संकर भलताच निघाला. मेलॅनोगॅस्टरची मादी आणि त्या दुसऱ्या बाटलीतला नर, तर पोटी निव्वळ मुली. उलट केलं, तर बहुतेक मुलगेच. आणि मुली असोत की मुलगे, सगळे वांझ. एकाच प्रजातीत असं होत नाही. मग स्टर्टेव्हंटनं नरांची शेपटाकडची बाजू भिंगाखाली धरली. मिलनाच्या वेळी मादीला धरणारा एक इवलासा भाग असतो तिथं. मेलॅनोगॅस्टरमध्ये तो लहान, आकडीसारखा. या दुसऱ्यात मोठा, गोलसर, शिंपल्याच्या अर्ध्या झडपेसारखा. बाकी काही म्हणजे काही फरक नाही. १९१९ मध्ये त्यानं या जुळ्या बहिणीला नाव दिलं, ड्रॉसोफिला सिम्युलन्स. सोंग घेणारी. माद्या नुसत्या बघून वेगळ्या सांगणं आजही भल्याभल्यांना जमत नाही.

ओंकारनं वहीकडे पाहिलं. "म्हणजे रंग एक असला तरी प्रजाती दोन असू शकतात."

"हो. आणि रंग दोन असले तरी प्रजाती एक."

हे त्याला जास्त लागलं. मग मी किक्कावाई नावाच्या माशीचं सांगितलं. जपानी शास्त्रज्ञ किक्कावा यांच्यावरून ते नाव. या प्रजातीत काही माद्यांच्या पोटाचं टोक काळं, काहींचं फिकट. एका आईच्या पोटच्या सख्ख्या बहिणी, एक सावळी एक गोरी, आणि फरकाला मुख्यतः एकच जनुक कारण. आपल्या घरात मावशी आणि आई नाहीत का तशा? रकाने आखून बसलेला माणूस यांची दोन घरं करून मोकळा होईल.

मग पंजाबातली माशी. मालेरकोटला गावावरून तिचं नाव ड्रॉसोफिला मालेरकोटलियाना, १९६४ मध्ये पर्शाद आणि पायका या आपल्याच दोन अभ्यासकांनी दिलेलं. तिची एक जवळची नातेवाईक आहे, बायपेक्टिनाटा, म्हणजे दोन कंगव्यांची. या नरांच्या पुढच्या पायांवर काळ्या केसांचे बारीक कंगवे असतात, भिंगातून दिसतात. दोघी सडक्या फळांवर एकत्र सापडतात. मालेरकोटलियानाच्या नराचं बूड काळंकुट्ट, बायपेक्टिनाटाच्या नराचं फिकट. इथं रंग कामाला येतो, झटकन फरक कळतो. पण आग्नेय आशियातल्या बेटांवर मालेरकोटलियानाचीच एक शाखा आहे, तिच्या नरांना तो काळा रंगच नाही! तिच्या नावालाच पॅलेन्स जोडलंय, म्हणजे फिकट. पंजाबात शिकलेली खूण बेटावर गेली की खोटी ठरते. रंग हा साक्षीदार आहे रे. कधी खरं बोलतो, कधी शिकवलेलं बोलतो. त्याच्या एकट्याच्या साक्षीवर निकाल द्यायचा नसतो.

"पण रंग येतो कुठून?" हा प्रश्न आजीचा होता. ती वांगी चिरत होती आणि आमच्याकडे लक्ष नाही असं दाखवत होती.

मी तिच्या ताटाकडेच बोट दाखवलं. चिरलेलं वांगं पाण्यात टाकायला उशीर झाला की काळं पडतं. त्यातल्या रसायनाला हवा लागते, विकर काम करतं, काळा रंग तयार होतो. माशीच्या कातडीत घडतं ते याच जातकुळीचं. टायरोसीन नावाच्या अमिनो आम्लापासून डोपामीन बनतं, डोपामीनपासून काळा-तपकिरी मेलॅनिन. यात दोन-तीन जनुकं स्वयंपाक्यासारखी राबतात. एबनी नावाचं जनुक डोपामीनला पिवळट रंगाच्या वाटेला लावतं. टॅन नावाचं जनुक त्याला परत काळ्या वाटेवर आणतं. एबनी बिघडलं की माशी सगळी आबनुसासारखी काळी. यलो नावाचं जनुक बिघडलं की सगळी पिवळी. दोन्ही मेलॅनोगॅस्टरच, एका बाटलीत सुखानं संसार करणाऱ्या. आणि काळ्या बुडाचं काय? मादीच्या पोटावर एक जनुक तो काळा रंग दाबून धरतं. नरात शेवटच्या वेढ्यांवर ते गप्प बसतं, म्हणून तिथं काळं. आजी म्हणाली, "म्हणजे बायकांना इथंही दाबूनच ठेवलंय." मी काही बोललो नाही. वांगी झकास झाली होती त्या रात्री.

चौथ्या दिवशी बरण्यांतल्या आईबापांना मागच्या अंगणात सोडून दिलं. आत पांढऱ्या बारीक अळ्या केळ्यात वळवळत होत्या. पुढं त्या काचेवर चढल्या आणि त्यांचे तपकिरी, तांदळाच्या कणीएवढे कोश झाले. हे सगळं उबेतल्या बरणीत. माठाजवळच्या बरणीत अजून अळ्याच चरत होत्या. पंचवीस अंश असले की अंड्यापासून माशी व्हायला दहा दिवस पुरतात, अठरा अंशांना जवळपास दुप्पट. ओंकारनं दोन्ही बरण्या समोर ठेवल्या आणि बराच वेळ बघत बसला.

"थंडीत वाढलेली काळी होतात," तो म्हणाला. "म्हणून दोन बरण्या."

शाबास. मेलॅनोगॅस्टरच्या माद्यांच्या पोटाचे शेवटचे वेढे थंडीत वाढल्या तर गडद होतात, उबेत फिकट. जनुकं तीच, आई तीच, फक्त हवा वेगळी. काळं अंग ऊन लवकर शोषतं, थंड मुलखात ते सोयीचं, असा त्याचा एक अर्थ लावतात. आणि डोंगरात तर हे पिढ्यान्‌पिढ्या मुरतं. हिमालयाच्या पायथ्याकडून वर गेलं की मेलॅनोगॅस्टर अधिक गडद सापडते. आफ्रिकेतही उंचावरच्या, युगांडासारख्या मुलखातल्या माश्या सखल भागातल्यांपेक्षा काळ्या.

अकराव्या दिवशी पहाटे मैथिलीच्या किंकाळीनं घर जागं झालं. "नवी प्रजाती! आबा, नवी प्रजाती!"

उबेतल्या बरणीत पाच-सहा माश्या कोशातून बाहेर आल्या होत्या. लांबट, मऊ, पंख चुरगळलेले, आणि रंग? फिकट पिवळसर, जवळजवळ पारदर्शक. काळा ठिपका नाही अंगावर. ओंकारनं तिसरा रकाना आखायला घेतला.

"दात घासून या," मी म्हटलं. "मग बघू."

दात घासून, दूध पिऊन, फराळाचं उरलेलं खाऊन दोन-अडीच तासांनी दोघं परतली. नवी प्रजाती नाहीशी झाली होती. पंख ताठ, पोटावर पट्टे, दोन नरांची बुडं काळी. कोशातून आलेली प्रत्येक माशी आधी फिकटच असते, रंग मागून चढतो. मैथिली हिरमुसली. मग तिला खरोखर सापडलेल्या पिवळ्या माशीची गोष्ट सांगणं भागच होतं.

आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात साओ टोमे नावाचं ज्वालामुखीचं बेट आहे. मधोमध दोन हजार मीटरांहून उंच शिखर, वर दाट पावसाळी जंगल, सतत धुकं. या बेटाच्या खालच्या भागात याकुबा नावाची ड्रॉसोफिला राहते, काळ्या बुडाच्या नरांची, आफ्रिकाभर सापडणारी. तिथं फ्रेंच शास्त्रज्ञ डॅनिएल लाशेझ आणि त्यांचे सहकारी माश्या गोळा करत डोंगर चढले. वर धुक्यात त्यांना जी माशी सापडली, ती याकुबाची बहीणच, पण पोट सगळं पिवळं. नराचंही. त्या सगळ्या जवळच्या गोतावळ्यात असा नर नाही. इथं मात्र रंग खरं बोलत होता. दोघींचा संकर केला तर मुली फलनक्षम आणि मुलगे वांझ. म्हणजे प्रजाती वेगळी. २००० मध्ये तिचं नाव जाहीर झालं, ड्रॉसोफिला सँटोमिया.

"पण आबा, ती तर वर राहते," ओंकार म्हणाला. "थंडीत. मग काळी हवी."

बघा, पोरं ऐकत असतात. डोंगरावरची काळी, हा हिमालयातला आणि युगांडातला नियम या बेटावर उलटा लागलाय. खाली काळी, वर पिवळी. पुढं जनुकं तपासली तेव्हा दिसलं, की सँटोमियात टॅन जनुक स्वतः शाबूत आहे, पण पोटावर ते चालू करणारी कळ बिघडली आहे. तीही एकदा नाही. या एकाच प्रजातीत ती कळ निदान तीन वेगवेगळ्या जागी, तीन वेगवेगळ्या वेळी बिघडल्याच्या खुणा आहेत. घरातल्या दिव्याचं बटण तीनदा, तीन तऱ्हांनी मोडावं आणि दर वेळी अंधारच व्हावा. बटण एकदा मोडलं तर अपघात म्हणू. तीनदा मोडलं, तर त्या घराला अंधार मानवत होता म्हणायचं.

बेटांवर या माश्या फार नखरे करतात. सेशेल्समधली सेशेलिया घ्या. ती सिम्युलन्सच्या इतकी जवळची, की दिसण्यावरून काय ओळखाल, पण राहते एकाच झाडाच्या फळावर. ते झाड आपल्या कोकणात किनाऱ्यानं आहे, बारतोंडी म्हणतात त्याला. पिकलं की फळाला सडक्या चीजसारखा वास येतो, आणि त्यातल्या आम्लानं बाकीची चिलटं मरतात. सेशेलिया त्यावर मजेत अंडी घालते. इथं तिला ओळखायचं तर तिच्या ताटावरून.

सुटी संपायच्या आदल्या रात्री शेवटची गोष्ट सांगितली, आडनावाची. कारण ती सगळ्यांत जास्त भांडणाची आहे.

जनुकं वाचता यायला लागल्यावर कळलं, की ड्रॉसोफिला हे घराणं एकसंध नाही. बरीचशी दुसऱ्या आडनावांची मंडळी खरं तर यांच्याच मधोमध बसतात. मग वाटणी करायची तर मूळ आडनाव कोणाकडे? नियम असा, की ज्या प्रजातीवरून घराणं बांधलं, तिच्याकडे. ती प्रजाती म्हणजे फ्युनेब्रिस नावाची माशी. मेलॅनोगॅस्टर नव्हे! म्हणजे वाटणी झालीच तर मेलॅनोगॅस्टर सोफोफोरा या आडनावाच्या वाटणीत जाणार. जगभर लाखो कागदांवर ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर लिहिलेलं. आपल्याकडे लग्नानंतर एका बाईचं आडनाव बदलायचं, तरी रेशनकार्डापासून बँकेपर्यंत हेलपाटे पडतात. म्हणून २००७ मध्ये काही अभ्यासकांनी प्राण्यांच्या नावांचा निवाडा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाकडे अर्ज केला, की मेलॅनोगॅस्टरलाच या घराण्याची मूळ प्रजाती ठरवा, म्हणजे पुढं वाटणी झाली तरी तिचं आडनाव टिकेल. आयोगानं २०१० मध्ये अर्ज फेटाळला. नियम तो नियम. वाटणी मात्र अजून कोणी पक्की केलेली नाही, त्यामुळे आडनाव आहे तेच चालू आहे. आयोगाचं तांत्रिकदृष्ट्या चुकलं नाही, पण मी असतो तर अर्ज मंजूर केला असता. इतकं काम केलेल्या जिवाला एवढी सवलत द्यायला हरकत नव्हती.

"मग आपल्या बरणीतली कोणती?" मैथिलीनं झोपता झोपता विचारलं.

"ड्रॉसोफिला नक्की. पुढचं नाव भिंगानं नाही, चांगल्या सूक्ष्मदर्शकाखाली नराचं शेपूट बघितल्याशिवाय मी सांगणार नाही."

सकाळी पोरं पुण्याला गेली. ओंकारनं वही इथंच ठेवलीय. 'काळी' आणि 'फिकट' हे रकाने खोडून त्यानं नवे आखलेत: नर की मादी, किती तासांची, कोणत्या बरणीतली, आणि रंग सगळ्यांत शेवटी. माठाजवळच्या बरणीत काल काचेवर कोश दिसले. तुमच्याही घरात काळी पडलेली केळी असतीलच. दोन बरण्या लावा, एक उबेत, एक गारव्यात. फक्त कोशातून माशी बाहेर आली की दोन तास थांबा, मग लिहा.